जुन्या ओबीएमचा थर्मोस्टॅट बदलायचाय? मग आधी बोल्टांची मनधरणी करा

ओबीएम म्हणजे होडीच्या मागे लावायचं आउटबोर्ड इंजिन. ते गरम होतंय म्हटलं की आमच्याकडे जेटीवर पहिला सल्ला ठरलेला असतो, "थर्मोस्टॅट काढून उडय, काय होणा नाय." सांगणारा माणूस चाळीस वर्षं समुद्रात गेलेला असतो, त्यामुळे त्याला नाही म्हणायला तोंड होत नाही. पण खरं सांगतो, होतं. लगेच नाही होत, दोन-तीन सीझननी होतं, आणि तोपर्यंत आपण काय काढून टाकलं होतं ते आपल्याच लक्षात राहत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय. माझ्याकडे दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक चाळीस हॉर्सपॉवरचं इंजिन आहे, पंचवीस वर्षांच्या वरचं, सेकंडहँड घेतलेलं, मालवणजवळ देवबागला खाडीच्या बाजूला होडीला लावतो. त्याचा थर्मोस्टॅट मी आतापर्यंत दोनदा बदललाय. पहिल्या वेळी बोल्ट तोडला, दुसऱ्या वेळी एकही नाही तुटला, आणि या दोन वेळांच्या मधे जे शिकलो तेच खाली आहे.

आधी हा थर्मोस्टॅट करतो काय ते दोन मिनिटांत. आपलं ओबीएम समुद्राचंच पाणी ओढून थंड होतं, खालच्या गिअरबॉक्सच्या वर वॉटर पंप असतो, त्यातला रबरी इंपेलर पाणी वर फेकतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट बंद असतो म्हणजे हेडमधलं, सिलिंडरवरच्या झाकणातलं, पाणी तिथेच जरा थांबतं आणि इंजिन पटकन तापतं. ठरलेल्या तापमानाला आतलं मेण फुगतं, दांडी ढकलते, झडप उघडते, पाणी वाहायला लागतं. गाडीचा थर्मोस्टॅट ८०-९० डिग्रीच्या घरात उघडतो, आपला साधारण ५० ते ६० च्या आसपासच, कारण आपल्या इंजिनात खारं पाणी फिरतं आणि ते जास्त तापलं की क्षार आतल्या वाटांना चिकटून बसतात, घरात पाणी तापवायच्या भांड्याला पांढरा थर बसतो ना, तसंच. त्यामुळे "गाडीचा बसवला तर चालेल का" असं कुणी विचारलं तर सरळ नाही म्हणा, साईज बसत असली तरी नाही.

आता बिघडतो दोन तऱ्हेने. बंद अवस्थेत अडकला तर इंजिन तापतं, हॉर्न वाजतो, जुन्याला हॉर्नच नसेल किंवा वायर तुटलेली असेल तर रंग जळल्याचा वास येतो आणि तोवर उशीर झालेला असतो. हे सगळ्यांना कळतं. उघडा अडकला तर मात्र कुणाला कळत नाही. इंजिन तापतच नाही, मग पेट्रोल नीट जळत नाही, प्लग ओले आणि काळे, स्लोवर थरथरतं, मधेच बंद पडतं, तेल जास्त खातं, आणि पिस्टनवर, एक्झॉस्टमध्ये कार्बन साचत जातो, शेवटी रिंगा चिकटतात. माझं हेच होत होतं. पूर्ण एक सीझन मी कार्ब्युरेटर खोलून साफ करत बसलो, तीन वेळा प्लग बदलले, आणि कारण होतं वरती, मिठाचा एक खडा झडपेत अडकून ती अर्धी उघडी राहिलेली. ज्यांचं इंजिन केरोसीनवर चालतं त्यांनी तर हे आणखीच मनावर घ्या, कारण केरोसीनला जळायला गरमीच लागते, म्हणून तर आपण पेट्रोलवर चालू करून तापल्यावर केरोसीनवर घेतो, मग तापूच दिलं नाही तर ते जळणार कसं. आणि फोर-स्ट्रोकवाल्यांचं थंड चालून न जळलेलं पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतं, डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं आणि पेट्रोलचा वास आला तर आधी थर्मोस्टॅट बघा.

एक गोष्ट मागून येणाऱ्या पाण्याच्या धारेबद्दल. धार जोरात येतेय म्हणजे कूलिंग ठीक आहे असं धरून चालू नका. बऱ्याच इंजिनांत ही धार थर्मोस्टॅटच्या आधीच फुटते, म्हणजे ती फक्त पंप चालू असल्याचं सांगते, वर हेडमध्ये काय चाललंय ते नाही. धार बारीक असेल तर मात्र आधी इंपेलर आणि धारेचं भोक बघा, भोकात कधी कधी वाळू नाहीतर कुंभारमाशीचं मातीचं घर असतं, एक बारीक तार घातली की काम होतं आणि पुढचं सगळं वाचतं.

सामान आधी मागवा, इंजिन नंतर खोला. उलटं केलंत तर इंजिन पंधरा दिवस खळ्यात उघडं पडणार. मॉडेलचा कोड आणि सीरियल नंबर असलेली पट्टी बहुतेक क्लॅम्पच्या ब्रॅकेटवर असते, खाऱ्या हवेने ती पुसट झालेली असते, जरा ओल्या फडक्याने पुसून तिरक्या उजेडात फोटो काढा म्हणजे अक्षरं वाचता येतात. थर्मोस्टॅट, कव्हरचं पॅकिंग, कव्हरचे सगळे बोल्ट नवीन, आणि एवढं करताच आहात तर इंपेलरचा सेटही सोबतच. बोल्ट स्वस्त असतात तरी लोक जुनेच परत लावतात. नको. जुना बोल्ट एकदा ताणला गेलाय आणि गंजलाय, तो पुढच्या वेळी तुटायची तयारी करूनच बसलेला असतो.

हत्यारांत १० एमएमचा रिंग पाना, १० ची गोटी म्हणजे सॉकेट, आणि गोटी घेताना आतून सहा कोनांचीच घ्या, बारा कोनांची गंजलेल्या मुंडीवर घसरते आणि मुंडी गोल करून ठेवते. हीट गन, छोटी हातोडी, लाकडाचा ठोकळा, गंज सोडवायचं पेनिट्रेटिंग ऑइल, तारेचा ब्रश, ३२० चा पॉलिश पेपर, काचेचा एक सपाट तुकडा, मरीन ग्रीस. आणि १० चाच एक जास्तीचा स्वस्तातला रिंग पाना घ्या, त्याचं काय करायचं ते पुढे येतं.

कधी करायचं तर मासेमारी बंद असते तेव्हा, १ जून ते ३१ जुलै, पण जुलैच्या शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. नारळी पौर्णिमा जवळ आली की सगळ्यांनाच इंजिनं आठवतात, मेकॅनिक हाताला लागत नाही, लेथवाल्याकडे रांग, आणि आपण घाईत. या कामाला घाई चालतच नाही. जूनच्या पहिल्या पावसाच्या दिवसांत होडी वर ओढून झाकून झाली की लगेच इंजिन घरी आणा. चाळीसचं इंजिन सत्तरेक किलो भरतं, एकट्याने उतरवू नका, चार हात लागतात. पाण्यावर उभ्या होडीत तर हे काम बिलकुल करू नका, हातातून सुटलेला बोल्ट परत मिळत नाही. मी मांडवाखाली लाकडी घोडीवर इंजिन उभं लावतो आणि खाली जुनी चादर पसरतो, पांढरी, म्हणजे पडलेलं वॉशर दिसतं.

खोलायच्या आधी पेट्रोलची टाकी आणि पाईप काढून लांब ठेवा, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल खालच्या स्क्रूने काढून टाका, बॅटरी असेल तर वायर सोडवा, दोन्ही स्पार्क प्लग काढा. पुढे हीट गन वापरायचीय, पेट्रोलची वाफ आजूबाजूला नको, आणि काम करता करता हात लागून फ्लायव्हील फिरलं तर इंजिन चालू होता कामा नये. हे टाळून पुढे जाऊ नका.

आता थर्मोस्टॅट असतो कुठे. बहुतेक इंजिनांत सिलिंडर हेडच्या वरच्या टोकाला, कारण गरम पाणी वर येतं. तिथे मूठभर आकाराचं एक कव्हर असतं दोन, तीन किंवा चार बोल्टांवर बसवलेलं. आमच्या इंजिनाला तीन आहेत. दोन समोर, हसत खेळत निघतील असे, आणि तिसरा फ्लायव्हीलच्या काठाखाली, त्यात पुढ्यात इग्निशन कॉइलचं ब्रॅकेट. गोटी वरून बसत नाही कारण फ्लायव्हील आड येतं, सरळ पाना जात नाही कारण ब्रॅकेट आड येतं. पहिल्यांदा मी आरसा आणि टॉर्च घेऊन बघितलं तेव्हा कुठे तिसरा बोल्ट आहे हे दिसलं, त्याआधी मी दोनच बोल्ट आहेत समजून कव्हर ठोकत बसलो होतो. कव्हर दोन बोल्ट काढूनही हलत नसेल तर ठोकू नका, बोटाने चाचपा, नक्की एखादा बोल्ट ग्रीस आणि चिखलाखाली लपलेला असतो.

फ्लायव्हील काढायच्या नादी लागू नका. त्याला पुलर लागतो, मधला नट भलताच टाईट असतो, आणि चुकीच्या जागी ठोकलं तर आतले मॅग्नेट फुटतात. ब्रॅकेट काढा, ते सोपं आहे. वायरी कशा कुठून जातात याचे चार बाजूंनी फोटो काढा, प्रत्येक वायरीला कागदी टेप लावून वर १, २, ३ लिहा आणि ती जिथे बसते तिथेही तोच आकडा. जुन्या वायरींचं इन्सुलेशन कडक झालेलं असतं, ओढू नका, कनेक्टर धरून हलके हलके सोडवा. ब्रॅकेट गेलं की तिसऱ्या बोल्टपर्यंत बोट पोचतं, पाना अजून नाही. तर तो जास्तीचा रिंग पाना घ्या, ग्राइंडरने त्याची दांडी अर्धी कापा, मान गॅसवर लाल करून वीसेक डिग्री वाकवा आणि आपोआप थंड होऊ द्या. असा वाकडा बुटका पाना फ्लायव्हीलखालून सरळ बोल्टवर बसतो. दांडी आखूड असल्याचा आणखी एक फायदा, तुम्हाला हवा तेवढा जोर लावताच येत नाही, आणि ६ एमएमच्या बोल्टला जास्त जोर नकोच असतो.

इथून पुढे खरं काम. बोल्ट स्टीलचा, हेड ॲल्युमिनियमचं, आणि मधे खारं पाणी. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि त्याची पांढरी पूड होते, ती पूड आट्यांमध्ये गच्च बसते. म्हणजे बोल्ट नुसता घट्ट नसतो, तो चारी बाजूंनी सिमेंट केल्यासारखा धरलेला असतो. अशा बोल्टला पहिल्याच दिवशी पाना लावणं ही ती चूक, जी मी केली. दुपारची वेळ, पाऊस जरा उघडलेला, म्हटलं तासाभरात संपवू. समोरचा बोल्ट, सोपावाला, पाना लावला, थोडा फिरला, मला वाटलं सुटला. सुटला नव्हता, पिळला जात होता. अजून थोडा जोर लावला आणि मुंडी हातात आली. ते ‘टक्’ न होता एकदम हलकं होणं, ते हाताला अजून आठवतं.

तो फरक हाताने ओळखायला शिका, तो सगळ्यात महत्त्वाचा. बोल्ट खरोखर सुटतो तेव्हा आधी अजिबात हलत नाही आणि मग एक बारीक ‘टक्’ नाहीतर ‘चीं’ असा कोरडा आवाज होऊन सुटतो, आणि सुटला की सुटला, सोडलात तर तिथेच राहतो. पिळला जाणारा बोल्ट मऊ लागतो, पाना फिरतो पण सोडलात की थोडा मागे येतो, स्प्रिंगसारखा. मऊ लागलं की थांबा. लगेच थांबा, तिथून पुढचं पाव वळण म्हणजे तुटलेला बोल्ट.

माझी आताची पद्धत दोन दिवसांची आहे. पहिल्या दिवशी सकाळी तारेच्या ब्रशने मुंड्या साफ करून प्रत्येक बोल्टच्या कडेने पेनिट्रेटिंग ऑइल सोडायचं, आणि मुंडीवर हातोडीने सरळ वरून वीसेक टकटक, जोरात नाही, दारावर बोटाने वाजवतो त्यापेक्षा थोडं जास्त, त्याने आतली पूड फुटते आणि ऑइलला वाट मिळते. संध्याकाळी परत तेच. रात्रभर सोडून द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सांडलेलं सगळं ऑइल फडक्याने कोरडं पुसून हीट गन लावा, आणि बोल्टवर नाही, बोल्टच्या भोवतीच्या ॲल्युमिनियमवर. ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे भोक मोठं होतं आणि बोल्ट आत सैल होतो. किती तापवायचं तर पाण्याचा थेंब टाकल्यावर चुर्र होऊन उडाला पाहिजे, बस. गॅस वेल्डिंगची ज्योत आणू नका, काही जण आणतात. ॲल्युमिनियम लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही, ६०० डिग्रीच्या आसपास ते रंग न बदलताच खाली बसतं आणि हेड गेलं म्हणजे इंजिन गेलं.

तापलेल्या बोल्टच्या कडेला साधी मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आट्यांमध्ये खेचलं जातं, डोळ्यांदेखत, मुंडीखाली गायब होतं. ऑइलने जे होत नाही ते कधी कधी याने होतं. काही जण एसीटोन आणि गिअरचं एटीएफ ऑइल अर्धं अर्धं मिसळून वापरतात, ते चांगलं आहे, पण एसीटोन भडकतं, म्हणून ते आदल्या दिवशीच्या थंड कामाला ठीक, हीट गन लावायच्या दिवशी बाटली घरात ठेवा.

मग पाना. पहिला जोर उलटा द्या, म्हणजे आवळायच्या दिशेने, अगदी किंचित. मग सोडायच्या दिशेने. हलला तर पाव वळण सोडा, परत अर्धं पाव आवळा, ऑइल, परत सोडा. पुढे मागे, पुढे मागे, पूड बाहेर येत राहते. एका बोल्टला पंधरा मिनिटं लागली तरी लागू देत. नाही हलला तर परत तापवा, थंड होऊ द्या, परत तापवा. तिसऱ्या वेळेपर्यंत बहुतेक सुटतात. माझा तो फ्लायव्हीलखालचा चौथ्या वेळी सुटला आणि तो आवाज ऐकून मी खरंच पाना खाली ठेवून चहा प्यायला गेलो.

तरीही तुटला तर घाबरू नका, पण लगेच ड्रिलही उचलू नका. बाकीचे बोल्ट काढून कव्हर सोडवा, बरेचदा तुटलेल्या बोल्टचा सेंटीमीटरभर तुकडा वर राहतो, तो तापवून लॉकिंग पकडीने धरून फिरवता येतो. आतच तुटला असेल तर बरोबर मध्यावर पंच मारून ड्रिल करावं लागतं, आणि हे हाताने सरळ होत नाही, ड्रिल मऊ ॲल्युमिनियमकडे सरकतं आणि भोक वाकडं जातं. माझ्या वेळी मी हेड सोडवून कुडाळला लेथवाल्याकडे नेलं, त्याने मशीनवर धरून काढलं, आटे खराब झाले होते तर नवीन आट्यांची कॉइल बसवून दिली. ती कॉइल मूळ आट्यांपेक्षा मजबूत झालीय, तो बोल्ट आता सगळ्यात छान निघतो. अर्थात हेड सोडवलं तर हेडचं पॅकिंगही नवीन लागतं, ते धरून चाला.

कव्हर निघताना मधे डिसमिस (स्क्रूड्रायव्हर) घालून उचकटू नका. ॲल्युमिनियमवर एक खाच पडली की नवीन पॅकिंगही तिथून गळतं. कव्हरच्या बाजूला लाकडाचा ठोकळा धरून आडवं ठोका, कधी या बाजूने कधी त्या बाजूने, जुनं पॅकिंग सुटतं.

आत जे दिसेल त्याचा आधी फोटो काढा. थर्मोस्टॅट कुठल्या बाजूने बसलाय, स्प्रिंग आणि मेणाची डबी कुठल्या बाजूला आहे, बारीक भोक वर आहे की खाली. आमच्यात डबीची बाजू हेडच्या आत, गरम पाण्याकडे आहे, आणि बहुतेक ठिकाणी तसंच असतं कारण गरम पाणी डबीला लागल्याशिवाय झडप उघडणार कशी, पण तुमच्या इंजिनात काय आहे ते तुमचा फोटोच सांगेल. माझ्या आत करड्या-पांढऱ्या खड्यांचा थर होता, नखाने उचलला तर पापडासारखा तुटत होता, त्यात वाळू, आणि काळ्या रबराचे दोन बारीक तुकडे. ते रबर म्हणजे कधीतरी फुटलेल्या जुन्या इंपेलरची पाती, कुणीतरी इंपेलर बदलला पण तुटलेले तुकडे गेले कुठे हे शोधलंच नाही. ते वर येऊन इथेच अडकतात. तुम्हाला इंपेलरची पाती कमी दिसली तर सगळे तुकडे जुळेपर्यंत शोधा.

साफ करायला लाकडाची काडी, जुना टूथब्रश आणि साधं व्हिनेगर. व्हिनेगर पंधरा-वीस मिनिटं, मग भरपूर गोड्या पाण्याने धुवा, रात्रभर ठेवू नका, ते ॲल्युमिनियमलाही खातं. आमच्या घरी कुणीतरी म्हणालं की कोकमाचं आगळ लावा, तांबं-पितळ झक्क होतं ना त्याने. आगळात मीठ घातलेलं असतं, ज्या मिठाशी भांडतोय तेच परत कशाला.

जुना थर्मोस्टॅट खराब आहे की नुसता अडकलाय ते बघायचं असेल, आणि नवीनही चालतो की नाही ते बसवायच्या आधी बघायलाच हवं, तर टोपात पाणी घ्या. झडप बोटाने उघडून तिच्यात एक दोरा पकडवा आणि थर्मोस्टॅट त्या दोऱ्याला लटकवून पाण्यात सोडा, टोपाच्या तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. बाजूला थर्मामीटर, तापाचा नाही हां, तो ४२ च्या पुढे जातच नाही, स्वयंपाकाचा किंवा डिजिटल मिळतो तो. मंद आचेवर पाणी ढवळत राहा. झडप उघडली की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट टुपकन तळाला जातो, त्या क्षणी आकडा वाचा. थर्मोस्टॅटवर छापलेल्या आकड्याच्या दोन-तीन डिग्री इकडे तिकडे असेल तर ठीक. मग आच बंद करून तो परत बंद होतोय का तेही बघा, उघडणं जेवढं महत्त्वाचं तेवढंच मिटणं. माझा जुना, खडा काढून साफ केल्यावरही, अर्धाच मिटत होता. मी नवीन आणलेल्यांपैकी एक डुप्लिकेट निघाला होता तो तर ७० पर्यंत उघडलाच नाही, टोपात कळलं म्हणून बरं, समुद्रात कळलं असतं तर इंजिन गेलं असतं.

बसवायच्या आधी दोन्ही तोंडं साफ. जुनं पॅकिंग थिनरने भिजवून प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. कव्हर काचेवर पॉलिश पेपर पसरून इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवा, चार-पाच वेळा फिरवलं की उंचवटे चमकतात आणि खड्डे काळे राहतात, सगळं सारखं चमकेपर्यंत घासा. हेडच्या बाजूला पेपर मारायचा असेल तर भोकात आधी फडकं कोंबा. आट्यांमधून ६ एमएमचा टॅप हाताने फिरवून पूड काढा, फुंकताना डोळे सांभाळा.

पॅकिंग नवीन आणि कोरडं. सिलिकॉनची ट्यूब पिळून जाड थर देऊ नका, आतल्या बाजूला बाहेर आलेला थर पुढे सुटतो आणि पाण्याच्या वाटेत अडकतो, म्हणजे आपण जे काढलं तेच परत घातलं. बोल्टच्या आट्यांना मरीन ग्रीस भरपूर, मुंडीखालीही. आधी तिन्ही बोल्ट हाताने पूर्ण जातात का बघा, मग आळीपाळीने दोन टप्प्यांत आवळा. ६ एमएमच्या बोल्टला ८ न्यूटन मीटरच्या आसपास पुरतं, टॉर्क पाना नसेल तर त्या बुटक्या पान्याला दोन बोटं आणि अंगठा एवढाच जोर.

टेस्ट ड्रममध्ये. दोनशे लिटरचा ड्रम, पंखा (प्रोपेलर) काढून, पाणी पंपाच्या बरंच वर, आणि कोरडं एक सेकंदही चालू करू नका, इंपेलर जळतो. कव्हरजवळ हेडवर काळ्या मार्करने ठिपका काढा, इन्फ्रारेडची गन चकचकीत धातूवर चुकीचं दाखवते, काळ्या ठिपक्यावर बरोबर. स्लोवर ठेवा आणि आकडा बघत राहा. माझा चढत चढत ५०-५५ ला जातो, मग थर्मोस्टॅट उघडला की चार-पाच डिग्री उतरतो, परत चढतो, आणि मग एका जागी बसतो. हे चढणं-उतरणं दिसलं म्हणजे काम झालं. नुसता चढतच राहिला तर बंद करा. आणि ड्रममधलं पाणी एक्झॉस्टने तापतं, दहा मिनिटांनी बदला, नाहीतर पाणीच गरम आणि आपण इंजिनाला दोष देत बसतो. मोठ्या इंजिनांना थर्मोस्टॅटच्या जवळ एक प्रेशर वाल्वही असतो, जास्त आरपीएमला तो उघडतो, तुमच्याला असेल तर त्याचं रबर आणि स्प्रिंग याच वेळी बघून घ्या.

एक शेवटचं, फ्लशिंगचं. समुद्रावरून आल्यावर आपण पाईप लावून दोन मिनिटं पाणी मारतो आणि समाधान मानतो. पण इंजिन थंड झालेलं असेल तर थर्मोस्टॅट बंद, म्हणजे वरचं हेड त्या गोड्या पाण्याने धुतलंच जात नाही, सगळं पाणी खालूनच परत जातं. कानपट्टी, म्हणजे पाणी ओढायच्या भोकांवर बसणारे पाईपचे रबरी कप, लावून इंजिन चालू करून तापू द्या, थर्मोस्टॅट उघडल्यावर पाच-सात मिनिटं चालवा, तेव्हा आतलं मीठ निघतं. आणि पाणी खरंच गोडं आहे का ते बघा. आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये खाडीजवळच्या विहिरी मचूळ होतात, त्या पाण्याने फ्लश करून उपयोग काय. मी त्या दिवसांत ड्रम आधीच नळाच्या पाण्याने भरून ठेवतो.

पहिल्या फेरीनंतर इंजिनाचं वरचं झाकण उघडून कव्हरच्या कडेने बोट फिरवा. पॅकिंगच्या रेषेवर कुठे पांढरी मिठाची कड दिसली तर तिथून पाझरतंय, इंजिन थंड असताना बोल्ट अगदी किंचित आवळा, आणि दुसऱ्या फेरीनंतर परत बघा.